पुस्तकाची शिदोरी घेऊन जुन्या गोव्याला

तीर्थयात्रा ही ख्रिस्ती जीवनातील एक जुनी आणि आदरणीय परंपरा आहे. आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी कितीतरी यात्रा निघतात. कोणी वेलंकनीला जातो, कोणी वांद्र्याच्या मोतमाउलीला, तर जुन्या गोव्याला आपल्या बहुतेक घरांतील कोणी ना कोणी जाऊन आलेले असतेच. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा दर्शनसोहळा पार पडला. दहा वर्षांतून एकदा येणारी ही संधी साधण्यासाठी देशोदेशींचे भाविक तेथे लोटले होते. दरवर्षी ३ डिसेंबरच्या सणाला आणि त्याआधीच्या नोव्हेनालाही यात्रेकरूंची रीघ लागते.

या यात्रांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. रात्रभर बसचा प्रवास, सकाळी मिस्सा, रांगेत उभे राहून दर्शन, मेणबत्ती, छायाचित्रे, दुपारी मासळीचे जेवण, संध्याकाळी समुद्रकिनारा आणि परतताना काजूची पाकिटे. यात वावगे काही नाही. एकत्र प्रवास करणे, एकत्र प्रार्थना करणे, एकत्र हसणे हेही यात्रेचे देणेच आहे. परंतु परत आल्यावर आठवडाभराने कोणी विचारले, “काय पाहिलेत?” तर “मोठमोठी चर्च पाहिली” यापलीकडे उत्तर देता येत नाही, ही अनेकांची खंत आहे. आपण त्या जागी जाऊन येतो, पण ती जागा आपल्याशी बोललेली नसते.

ती का बोलत नाही? कारण तिची भाषा आपण शिकून गेलेलो नसतो. दगड, कमानी आणि वेद्या स्वतःहून काही सांगत नाहीत. त्यांच्या तोंडी शब्द घालण्याचे काम पुस्तके करतात. यात्रेची खरी तयारी बॅग भरण्यापासून नव्हे, तर पुस्तक उघडण्यापासून व्हावी, असे आम्हांला वाटते. जुन्या गोव्याचेच उदाहरण घेऊन हा विचार येथे मांडीत आहोत.

एजेरियाचा धडा

ही कल्पना नवी नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक स्त्री युरोपाच्या पश्चिम टोकाकडून पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली. सीनाय पर्वत, जेरुसलेम, मेसोपोटेमिया असा दूरचा प्रवास तिने केला आणि मायदेशातील आपल्या भगिनींसाठी तो लिहून ठेवला. तिच्या लेखनाचा बराच भाग काळाच्या ओघात हरवला. उरलेला भाग १८८४ साली इटलीतील आरेत्सो येथे एका हस्तलिखितात सापडला. त्यातून तिची एक सवय दिसते. पवित्र शास्त्रात उल्लेख असलेल्या स्थळी ती पोहोचली, की प्रार्थना केली जाई, त्या स्थळासंबंधीचा शास्त्रातील उतारा तेथेच वाचला जाई आणि त्यानंतरच ती मंडळी पुढे जात.

तिच्यानंतर थोड्याच वर्षांनी बेथलेहेमला स्थायिक झालेल्या संत जेरोम यांनी याच गोष्टीची दुसरी बाजू सांगितली. ज्याने यहूदा प्रांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला शास्त्रवचने अधिक स्पष्ट समजतात, असा त्यांचा अनुभव होता. म्हणजे ग्रंथ स्थळाला उजळतो आणि स्थळ ग्रंथाला. पवित्र भूमीला जाणाऱ्याच्या हाती बायबल असते. मग गोव्याला जाणाऱ्याच्या हाती काय असावे?

संतांची पत्रे

पहिले उत्तर सोपे आहे. ज्यांच्या दर्शनाला आपण जातो, त्यांचेच शब्द वाचावेत. संत फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे आणि इतर लेखन मिळून शंभराहून अधिक दस्तऐवज आज उपलब्ध आहेत. इंग्रजीत त्यांचा संपूर्ण अनुवाद झालेला आहे. चरित्रग्रंथांत आपल्याला चमत्कार करणारा संत भेटतो. पत्रांत मात्र थकणारा, रागावणारा, आठवणींनी व्याकूळ होणारा माणूस भेटतो.

६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांनी रोममधील आपल्या सहकाऱ्यांना गोव्यातील पहिल्या महिन्यांचा वृत्तांत लिहिला. पोपमहोदयांचा प्रतिनिधी म्हणून ते आले होते, तरी राहिले ते इस्पितळात. रुग्णांना पापनिवेदनाचा संस्कार देणे, तुरुंगातील कैद्यांना भेटणे, रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा अर्पण करणे, मुलांना धर्मशिक्षण देणे असा त्यांचा दिनक्रम होता. हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून मुलांना गोळा करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हे वाचून गेलेला यात्रेकरू जुन्या गोव्याच्या रस्त्यावर केवळ पर्यटकांची गर्दी पाहत नाही. त्या गर्दीत त्याला घंटेचा नादही ऐकू येतो.

जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेले त्यांचे पत्र विशेष प्रसिद्ध आहे. स्नानसंस्कार देऊन देऊन आपले हात अवघडून जातात आणि प्रार्थना म्हणून म्हणून घसा बसतो, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. याच पत्रात युरोपातील विद्यापीठांत जाऊन, विशेषतः पॅरिसमध्ये, तेथील विद्वानांना वेड्यासारखे ओरडून जागे करावे, अशी तीव्र इच्छाही त्यांनी व्यक्त केली आहे. ज्ञान आहे, पण सेवेची आच नाही, हे त्यांचे दुःख होते.

१५४६ साली मोलुक्का बेटांतील आंबोइना येथून लिहिलेल्या पत्रातील एक तपशील तर मनात घर करून राहतो. आपल्या बांधवांच्या पत्रांतून त्यांच्या स्वहस्ते केलेल्या सह्या त्यांनी कापून घेतल्या होत्या आणि त्या ते सतत जवळ बाळगीत. हजारो कोस दूर असलेल्या मित्रांचा सहवास त्यांना त्या चिटोऱ्यांतून मिळत होता. त्या काळी युरोपातून पत्र यायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागत. संत इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र जून १५५३ मध्ये लिहिले. परंतु ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील सँशियन बेटावर झेवियर यांनी देह ठेवला होता. ते पत्र त्यांच्यासाठी कधीच पोहोचणार नव्हते.

बॉम जेझूस बॅसिलिकेत त्यांची चांदीची शवपेटी ज्या संगमरवरी थडग्यावर विसावली आहे, ते तोस्कानाचे महासरदार कोझिमो तिसरे यांची देणगी आहे. फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी ते घडवले आणि १६९८ साली ते तेथे उभारण्यात आले. पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली आहे. माहितीपत्रक एवढे सांगते. पण मित्रांच्या सह्या उराशी बाळगणारा माणूस या संगमरवराच्या आणि चांदीच्या वैभवात निजला आहे, ही जाणीव पत्रे वाचणाऱ्यालाच होते. मग रांगेतील ती काही क्षणांची भेट एखाद्या ओळखीच्या माणसाची भेट होते.

परक्यांच्या नजरेतून

संतांच्या पत्रांतून त्यांचे मन कळते. परंतु शहर कसे होते, हे कळायला परदेशी प्रवाशांकडे वळावे लागते. आज जुन्या गोव्यात मोकळी मैदाने, झाडी आणि मधूनमधून उभी असलेली भव्य चर्च दिसतात. घरे कुठे गेली, बाजार कुठे गेला, असा प्रश्न पडतो. एके काळी येथे आशियातील एक मोठे आणि गजबजलेले शहर नांदत होते. रोगराईच्या साथींनी ते हळूहळू ओस पडले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि जुन्या शहराची घरे मोडून पडली.

ते हरवलेले शहर पुस्तकांत जिवंत आहे. यान हायगेन व्हॅन लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपांच्या चिटणिसाच्या पदावर होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात गोव्याच्या मुख्य रस्त्याचे वर्णन आणि चित्र आहे. तेथे रोज सकाळी लिलाव भरे. घोडे, कापड, दागिने यांबरोबरच गुलाम म्हणून आणलेली माणसेही तेथे विकली जात. हे वाचणाऱ्याला कॅथेड्रलपासून मांडवीच्या धक्क्याकडे जाणारा शांत रस्ता मग तितकासा शांत वाटत नाही.

फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच दर्यावर्दी मालदीवजवळ जहाज फुटल्यामुळे वर्षानुवर्षे अडकून पडला आणि १६०८ साली आजारी अवस्थेत गोव्याला पोहोचला. येथील राजकीय इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले. तेथील स्वच्छता, खाटा-बिछाने, जेवणाची व्यवस्था आणि रुग्णांची सेवा यांचे त्याने तोंडभर कौतुक केले आहे. पण बरा होताच त्याच शहराने त्याला तुरुंगात टाकले, कारण तो परक्या देशाचा होता. एकाच शहराची करुणा आणि कठोरता असे दोन्ही चेहरे एकाच माणसाने पाहिले. त्या इस्पितळाची वास्तू आज उरलेली नाही. ते उभे आहे ते केवळ पिरारच्या पानांत.

या प्रवाशांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे मात्र नाही. त्यांतले कोणी व्यापारी होते, कोणी प्रतिस्पर्धी राष्ट्राचे. लिन्सखोटेनच्या माहितीचा उपयोग पुढे डच जहाजांना पूर्वेच्या व्यापारात शिरण्यासाठी झाला. येथील लोकांच्या चालीरीतींविषयी त्यांनी जे लिहिले, त्यात ऐकीव गोष्टी आणि पूर्वग्रहही आहेत. म्हणूनच कोणत्याही गावाविषयी एकच पुस्तक वाचून थांबू नये.

आपल्या भाषेतील पुराण

मराठी भाषकांसाठी गोव्याच्या यात्रेत एक ठेवा राखून ठेवलेला आहे, आणि आपण बहुतेक जण त्याच्या जवळून जाऊनही त्याला भेटत नाही. तो ठेवा म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, येथेच राहिले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी तालुक्यात गेले. १५८३ साली राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज साथीदार कैदी म्हणून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. फिचने आपल्या वृत्तांतात त्यांचा उल्लेख केला आहे.

या इंग्रज धर्मगुरूने मराठी भाषा आत्मसात केली आणि ओवी छंदात अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे काव्य रचले. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे तेथे उपलब्ध नव्हते. मराठी भाषेच्या गोडव्याचे त्यांनी केलेले स्तवन आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेले असेल.

या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक गृहस्थ धर्मगुरूंना म्हणतो, की आमची जुनी पुराणे आता आमच्याजवळ राहिली नाहीत. मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? या एका प्रश्नात एका समाजाची सारी व्यथा साठलेली आहे. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या ओवी म्हटली जात होती, त्यांच्या ओठांवरून ती अचानक नाहीशी झाली होती. फादर स्टीफन्स यांनी त्या भुकेची दखल घेतली. त्यांनी पोर्तुगीज ग्रंथ पुढे केला नाही, तर लोकांच्याच छंदात, लोकांच्याच शब्दकळेत प्रभूची कथा सांगितली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरायला ते कचरले नाहीत. चर्चमध्ये आणि घराघरांत हे पुराण गायले जाऊ लागले.

ज्या भूमीत ही ओवी उमलली, ती आधीपासूनच मराठीच्या मशागतीची होती. साष्टीतील केळशी गावच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ लिहायला घेतली होती. त्या काळातील काही मराठी हस्तलिखितांच्या रोमन लिपीतील नकला आज पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. येथील भाषा शिकण्यासाठी मिशनऱ्यांनी त्या करून घेतल्या होत्या. स्टीफन्स यांच्यानंतर फादर एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयांनी संत पीटर यांच्यावर मराठी ओवीबद्ध पुराण रचले. ते १६२९ साली छापले गेले.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. पण त्यांपैकी एकही छापील प्रत आजवर हाती आलेली नाही. हस्तलिखितांमुळेच ते वाचले. १९०७ साली मंगळूरहून जे. एल. सालढाणा यांनी ते पुन्हा प्रकाशित केले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली आणि १९९६ साली कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून. म्हणजे हा ग्रंथ आपल्याला परका नाही आणि अप्राप्यही नाही. मडगावजवळच्या राशोलच्या टेकडीवरील सेमिनरी आजही धर्मगुरूंना घडवीत उभी आहे. पुढच्या यात्रेत जुन्या गोव्याबरोबर राशोललाही जावे, ख्रिस्तपुराणातील ख्रिस्तजन्माचा भाग तेथे बसून सर्वांनी मोठ्याने वाचावा. आपल्या मायबोलीतील प्रभूचे चरित्र जेथे छापले गेले, तेथे ते वाचण्याचा आनंद काही निराळाच असेल.

खिडकीजवळची पेटी

पुस्तक वाचून स्थळ बोलू लागते, हे केवळ अलंकारिक विधान नव्हे, हे पटवणारी एक सत्यकथा जुन्या गोव्यातच घडली आहे. बॅसिलिकेपासून थोडे वर चढून गेले, की संत ऑगस्टिन यांच्या नावाच्या भग्न चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा दिसतो. १८३५ च्या सुमारास धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर हा मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि उरलेली वास्तू झाडोऱ्यात हरवली.

जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिने इस्लाम स्वीकारण्यास नकार दिला, म्हणून १६२४ साली इराणचा शहा अब्बास याच्या आज्ञेवरून शिराज येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. तेथील ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष १६२७ साली गोव्याला आणून आपल्या मठात ठेवले. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत ती संत म्हणून पूजनीय आहे. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत एक नोंद होती: मठाच्या सभागृहातील दुसऱ्या खिडकीजवळ दगडी पेटीत हे अवशेष ठेवले आहेत. पण सभागृहच ढिगाऱ्याखाली गेले, तर खिडकी कुठे शोधायची?

भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून आधी मठाचा आराखडा उलगडला, मग ते सभागृह ओळखले आणि अखेर २००४-०५ च्या सुमारास त्या परिसरात हाडांचे अवशेष हाती आले. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यांची आनुवंशिक तपासणी केली. ते अवशेष केतेवान राणीचे असावेत, या मताला त्या तपासणीने दुजोरा दिल्याचे २०१३ साली जाहीर झाले. जुलै २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला सन्मानपूर्वक सुपूर्द केले. सुमारे चार शतकांनी ती राणी आपल्या लोकांत परतली, आणि तिची वाट दाखवली एका लिखित ओळीने. ती ओळ कोणी वाचली नसती, तर त्या दगडांखालून कुदळ कदाचित कधीच फिरली नसती.

कटू पाने

आतापर्यंत जी पुस्तके सांगितली, ती वाचताना मन सुखावते. पण गोव्याचा इतिहास वाचायचा, तर काही पाने वाचताना मान खाली जाते. ती पाने टाळून पुढे जाणे म्हणजे अर्धाच गोवा पाहणे होय.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, सुरू झाले. मध्ये १७७४ ते १७७८ हा काळ सोडला, तर ते १८१२ पर्यंत चालले. त्याची इमारत से कॅथेड्रलजवळच्या चौकात होती. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने स्वतः भोगलेल्या कैदेचा वृत्तांत १६८७ साली प्रसिद्ध केला. मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी कागदपत्रांच्या आधारे १९६१ साली या विषयावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. कारवारच्या १९५१ च्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. असे न्यायासन गोव्यात यावे, अशी मागणी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या एका पत्रात खुद्द झेवियर यांनी केली होती, हेही त्यांची पत्रे वाचणाऱ्याला दिसते. न्यायासन आले ते त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

गार्सिया द ओर्ता या वैद्याची कथाही अशीच जिव्हारी लागणारी आहे. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. पुस्तके छापणारे यंत्र भारतात पहिल्यांदा आले तेही येथेच, सप्टेंबर १५५६ मध्ये. ते खरे तर ॲबिसिनियासाठी निघाले होते, पण गोव्यात राहिले आणि सेंट पॉल कॉलेजमध्ये बसवले गेले. त्या कॉलेजची आज केवळ दर्शनी कमान उभी आहे. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो मूळचा ज्यू वंशाचा. गुप्तपणे आपला जुना धर्म पाळीत होता, या आरोपावरून १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. आज पणजीतील एका बागेला त्याचे नाव आहे.

त्या काळात साष्टी, बारदेश आणि तिसवाडी येथील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आपली बस सकाळी बॅसिलिकेसमोर थांबते आणि दुपारी पुष्कळदा मंगेशीच्या मंदिरासमोर. या दोन थांब्यांत केवढा इतिहास आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही. कळल्यावर मात्र मंदिराकडे जाणाऱ्या आपल्या हिंदू शेजाऱ्याकडे आपण अधिक नम्रतेने पाहू लागतो.

हे वाचून श्रद्धा डळमळेल, अशी भीती काहींना वाटते. आम्हांला ती रास्त वाटत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून घडलेल्या अपराधांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या असहिष्णू मार्गांचाही त्यात समावेश होता. ज्या ख्रिस्तसभेचे प्रमुख असे नतमस्तक होऊ शकतात, तिच्या लेकरांनी इतिहासाची पाने उघडायला घाबरण्याचे कारण नाही. संतही आपल्या काळाची माणसे असतात. त्यांची सेवा आणि त्यांच्या मर्यादा या दोन्ही जाणून त्यांच्यापुढे गुडघे टेकणे, ही प्रौढ श्रद्धा होय.

हे कसे करावे?

आता प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. कामधंद्याच्या, शाळा-परीक्षांच्या धबडग्यात एवढे वाचायचे कधी? सारेच सर्वांनी वाचावे, असा आमचा आग्रह नाही. काही सूचना मात्र कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना, यात्रा ठरताच धर्मग्रामात एक छोटा वाचनगट करावा. यात्रेआधीचे चार रविवार मिस्सानंतर अर्धा-पाऊण तास एकत्र बसावे. एका रविवारी झेवियर यांची दोन पत्रे, दुसऱ्या रविवारी ख्रिस्तपुराणातील एक प्रसंग, तिसऱ्या रविवारी प्रवाशांचे एखादे वर्णन आणि चौथ्या रविवारी कटू पाने. इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांनी वाचून मराठीत सांगावे, आणि ओव्या मात्र आजी-आजोबांनी चालीवर म्हणाव्यात. अशाने दोन पिढ्या एका पुस्तकाभोवती बसतील.

दुसरी सूचना, पुस्तक घरी ठेवून जाऊ नये. एजेरियाप्रमाणे ज्या त्या स्थळी एक पान वाचावे आणि मग दोन मिनिटे शांत राहावे. सेंट पॉल कॉलेजच्या कमानीसमोर मुद्रणयंत्राची हकिगत, ऑगस्टिनच्या मनोऱ्याखाली केतेवानची कथा, बॅसिलिकेच्या आवारात १५४६ चे पत्र. वाचन बॅसिलिकेच्या आत नको. तेथे प्रार्थनेची शांतता राखावी.

तिसरी सूचना, तेथील माणसांशी बोलावे. पुस्तक कितीही चांगले असले, तरी ते गाव नव्हे. पाव विकणाऱ्या पोदेराला, चर्चच्या मिराशीला, मासे विकणाऱ्या बाईला आपण कोकणी-मराठीत सहज बोलते करू शकतो. पुस्तकात जे नाही, ते त्यांच्याकडे असते.

चौथी सूचना, परतल्यावर पुन्हा ते पुस्तक उघडावे. जेरोम यांचे म्हणणे येथेच खरे ठरते. पाहून आल्यावर त्याच ओळी नव्याने उजळतात. मग ते पुस्तक धर्मग्रामाच्या वाचनालयाला भेट द्यावे, म्हणजे पुढच्या यात्रेची शिदोरी तयार होईल.

समारोप

हाच नियम अन्य स्थळांनाही लागू आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यात संत गोन्सालो गार्सिया यांचे बालपण गेले. १५९७ साली नागासाकी येथे त्यांनी रक्तसाक्ष दिली. त्या किल्ल्यात फिरायला जाणाऱ्या आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? बाणावलीत जन्मलेले आणि श्रीलंकेत राबलेले संत जोसेफ वाझ यांना १४ जानेवारी २०१५ रोजी संतपद मिळाले. त्यांचे चरित्र वाचून बाणावलीला जाणारे किती? दूरचे असो वा जवळचे, वाचल्याशिवाय कोणतेच गाव आपले होत नाही.

प्रवासाचा खर्च, रजेचे दिवस आणि अंगातले बळ या गोष्टी मोजक्याच असतात. मोठ्या कष्टाने साधलेली यात्रा केवळ छायाचित्रांपुरती उरू नये. बसमध्ये बसण्याआधी एखादे पुस्तक हाती घ्यावे. मग आपण ज्या भूमीवर पाऊल ठेवू, तेथे आपल्याआधी कोण चालले, कोण गायले, कोण रडले, हे आपल्याला ठाऊक असेल आणि त्या सर्वांसाठी आपण नावानिशी प्रार्थना करू शकू. अशी यात्रा आपणा सर्वांना लाभो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.